भाकरीला भाकरी म्हणा

गेल्या बुधवारी भाच्याने बीकेसीत जेवायला नेलं. त्याचं ऑफिस तिथलंच. रेस्टॉरंट देखणं होतं: पितळी दिवे, कोट्याची फरशी, भिंतीवर जुन्या मुंबईचे फोटो. मेनूवर लिहिलं होतं 'मॉडर्न इंडियन'. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: 'मिलेट फ्लॅटब्रेड, व्हाइट बटर, ग्रीन चिली क्रश'. किंमत ४७५ रुपये.

मी वेटरला विचारलं, "हे काय असतं रे?"

त्याने पाठ केलेलं इंग्रजी वाक्य सुरू केलं, मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, भाकरी आहे. लोणी आणि ठेचा."

आवाज खाली का आणावा लागला त्याला? जुन्नरकडचा मुलगा. भाकरी खाऊनच मोठा झालेला. आपल्या घरातला शब्द त्याला टेबलाशी कुजबुजावा लागतो, याचा मला संताप आला आणि अजून गेलेला नाही.

परदेशी पाहुण्यांना कळायला हवं, असं कारण देतात. मग त्याच मेनूवर गलौटी गलौटीच होता, चेट्टिनाड चेट्टिनाडच होतं आणि इटलीचा बुर्राटा बुर्राटाच होता. त्यांच्या नावाखाली बारीक अक्षरात अर्थ दिलेला. तसाच भाकरीखाली देता आला असता. मुंबईत जन्मलेल्या फ्लॉइड कार्डोझ यांनी १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट काढलं, त्याचं नाव 'तबला' होतं. न्यूयॉर्कवाल्यांनी तो शब्द शिकून घेतला. बीकेसीतल्या गिऱ्हाइकाला भाकरी जड जाईल असं कुणी ठरवलं?

आणि 'मिलेट' म्हणजे तरी काय? ज्वारी, बाजरी की नाचणी? तिन्हींची चव वेगळी, रंग वेगळा, थापायची तऱ्हा वेगळी. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेही भारताच्याच प्रस्तावावरून, आणि तेव्हापासून सगळी धान्यं या एका शब्दाच्या पोत्यात भरली गेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळतं ते गावाच्या आणि धान्याच्या नावाला. ते नावच पुसलं, तर त्या शेतकऱ्याच्या हाती काय राहिलं? पलीकडच्या हिरेबाजारात खड्याखड्याचा दाखला बघतात. इथे पीठ कशाचं हे विचारलं, तर पोराला आत जाऊन यावं लागलं. ज्वारीचं होतं.

भाकरी मात्र अव्वल होती, हे सांगायलाच हवं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नसतो. पीठ कढत पाण्यात मळलं नाही, तर थापताना कडा फाटतात. हिच्या कडा अखंड होत्या, पापुद्रा वाफेने पुरता सुटलेला होता, आणि खालच्या अंगाला चार बोटांचे पुसट ठसे होते. हे काम कुठल्याही यंत्राचं नव्हे. विचारल्यावर पोरगा खुलला. "आत मावशी आहेत. सोलापूरच्या. रोज त्याच थापतात." मेनूवर शेफचं नाव ठळक होतं. मावशींचं नव्हतं, आणि त्या जे करतात त्याचंही नव्हतं.

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, असा कायदा २०२२ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या सप्टेंबरात दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कुठे बऱ्याच पाट्या बदलल्या. या रेस्टॉरंटचीही पाटी मराठीत आहे, अक्षरं चांगली टपोरी आहेत. पण पाटी ओलांडून आत गेलं की मराठी संपते. मेनूसाठी कायदा नको, मालकाला चाड हवी. एक ओळ बदलायची आहे: 'ज्वारीची भाकरी, लोणी, ठेचा'. खाली अर्थ लिहा, इंग्रजीत लिहा, जपानीत लिहा, माझी हरकत नाही. मॅनेजरना मी हेच सांगितलं आणि अभिप्रायाच्या कार्डावरही मराठीत लिहून दिलं.

भाच्याला आणखी हवी होती. पोराने हातातल्या यंत्रावर 'मिलेट फ्लॅटब्रेड, दोन' असं टिपलं. मग स्वयंपाकघराचं दार ढकलून त्याने मोकळ्या आवाजात हाक दिली, "मावशी, दोन भाकरी!"