खान्देशात कुत्रा पाळण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका जळगाव व धुळे जिल्ह्यांतील होतकरू श्वानपालकांसाठी आहे. पुण्या-मुंबईकडच्यांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर वाचावी, कारण तिकडे कुत्र्याला एकच मालक असतो. इकडे पिल्लाने उंबरा ओलांडताक्षणी घरातले झाडून सगळे, शेजारचे आबा, समोरचे जिभाऊ आणि कोपऱ्यावरच्या पानटपरीचे कायम सभासद त्याच्या संगोपन समितीवर बिनविरोध निवडून येतात. कुत्रा लवकर शिकतो. समितीला वेळ लागतो. म्हणून येथे शिक्षणाचा भर समितीवर ठेवला आहे.

१. जातीची निवड

सोयरीक जात पाहून करायची आपली रीत आता कुत्र्यालाही लागू झाली आहे. सध्या मागणी आहे ती निळ्या डोळ्यांच्या हस्कीला. हा प्राणी सैबेरियात बर्फावर गाडी ओढण्यासाठी घडला. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा त्याच्यासाठी पुढील क्रम पाळावा : आधी एसी घ्यावा, मग एसी चालेल इतकी वीज कुठल्या कॉलनीत असते ते शोधावे, मग तिथे घर घ्यावे आणि एवढे सगळे जमले की हस्की घेण्याचा विचार सोडून द्यावा.

चपट्या नाकाच्या पगबाबतही तेच. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंग थंड करण्याचा त्याचा खरा उपाय म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. ज्याचे नाकच दाबून बसवले आहे, त्याने धापा तरी किती टाकाव्यात?

टपाल खात्याने २००५ साली भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली : मुधोळ हाउंड, राजापलायम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग. आपला गावठी त्यात नव्हता. त्याने त्याबद्दल तक्रार केल्याची नोंद नाही. आपल्या उन्हाला टिकणारा आणि घेताना एक रुपया न लागणारा हाच आहे. त्याचा एकमेव दोष म्हणजे पाहुण्यांना किंमत सांगता येत नाही.

विकणारा सांगेल, “पंचेचाळीस दिवसांचं झालं, घेऊन जा भाऊ.” घेऊ नये. पिल्लू किमान आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस आईजवळ असावे. उरलेल्या अकरा दिवसांत ते भावंडांशी मस्ती करताना चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे शिकत असते. हा धडा तिथे राहून गेला तर पुढे तो आपल्या पोटरीवर गिरवला जातो.

२. आहार

खान्देशात दारी आलेल्याला वाढताना हात आखडता घेत नाहीत. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा समितीला तोंडपाठ असते. हल्लीचे पशुवैद्य मात्र तुपाची वाटी पाहिली की वाटीवाल्याच्या मागे धावतात. तुपात बुडवलेली बट्टी कुत्र्याला फार आवडते. त्याच्या स्वादुपिंडाला ती तितकीशी आवडत नाही.

भरीत : अजिबात नाही. वांग्याला क्षमा करता येईल, पण लसूण आणि कांद्याची पात कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शेवभाजीच्या रश्शालाही हेच कलम लावावे. द्राक्षे व मनुका किडनीवर जातात, चॉकलेट हृदयावर. मटणाची शिजवलेली हाडे फुटून त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि आतड्यात रुततात. म्हशीचे घट्ट दूध पिल्लाला बाळसे यावे म्हणून पाजले जाते. बहुतेक वेळा येते ती हगवण.

मग द्यावे काय? साधी भाकरी किंवा भात, बिनमिठाचे उकडलेले अंडे, शिजवलेले बिनहाडाचे चिकन, किंवा त्याच्या वयाचे तयार खाद्य. केळ्याचे दोन-चार काप चालतात, त्यामुळे रावेर-यावलकरांचा अभिमान शाबूत राहतो. आखाजीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून झाल्यावर कुत्र्याला फक्त नैवेद्य दाखवावा.

३. शिक्षण

घरातला मुलगा म्हणतो ‘सिट’. वडील म्हणतात ‘बस’. आई म्हणते ‘गप बस ना रे बाबा’. आजी म्हणते ‘बठी जाय’. पिल्लू चौघांकडे आळीपाळीने पाहते आणि कपाटाखाली जाऊन मुलाची चप्पल खाते. नियम असा : एका कृतीला घरभर एकच शब्द. कोणता, याला महत्त्व नाही.

बहुतेक घरांत कुत्रा ऐकतो तो आजीचेच. ती कळण्याच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा चिमटीत धरते आणि पिल्लाच्या नाकाजवळून हळूच त्याच्या डोक्यामागे नेते. तुकड्यामागे मान वर जाते, तसे बूड आपोआप खाली येते. बूड जमिनीला टेकल्याशिवाय चिमूट सुटत नाही. टेकले की त्याच क्षणी सुटते. तालमीत वशिला चालत नाही. प्रशिक्षक मंडळी हेच फी घेऊन शिकवतात : बक्षीस तत्काळ हवे. पाच मिनिटांनी दिलेले बक्षीस कशाबद्दल मिळाले, हे कुत्र्याला कळत नाही.

घरात सू केली म्हणून नाक त्यात घासणे हा समितीचा आवडता उपाय आहे. त्यातून कुत्रा एवढेच शिकतो की, ही माणसे विचित्र आहेत आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे करावी. त्याऐवजी झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला बाहेर न्यावे, आणि तिथे केल्यावर जाहीर कौतुक करावे. शेजाऱ्यांना जे वाटायचे ते वाटू द्यावे.

४. उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये फिरायला नेण्याची वेळ सूर्य ठरवतो. मेहरूण तलाव असो की देवपूर, सकाळी सातच्या आत घरात यावे. शंका असल्यास डांबरी रस्त्यावर आपला उघडा तळहात सात सेकंद ठेवून पाहावा. न राहवून उचलला, तर कुत्र्याच्या पायात काय आहे ते पाहावे : काहीच नाही.

ऊन लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो. कुत्र्याला खिसा नाही, आणि कांदा त्याने खाल्ला तर काय होते ते कलम दोनमध्ये आले आहे. त्याच्यासाठी सावली आणि पाण्याची दोन भांडी पुरेत, एक सांडण्यासाठी. अंगावरचे दाट केस तासून टाकू नयेत, ते उन्हालाही अडवतात. जीभ गडद लाल, तोंडातून चिकट लाळ आणि चाल झोकांड्यांची झाली, तर साधे पाणी अंगावर ओतून पंखा लावावा व दवाखाना गाठावा. बर्फात बसवू नये.

५. औषधोपचार

जिभाऊंचे औषधशास्त्र तीन उपायांवर उभे आहे. खरजेला गाडीचे जळके ऑइल. गोचिडाला कपाशीच्या फवारणीचे औषध. तापाला घरातली माणसांची गोळी. तिन्ही अचूक आहेत : ऑइलने गाडी चालते, फवारणीने बोंडअळी मरते, गोळीने माणसाचा ताप उतरतो. कुत्र्याच्या अंगाला लावलेली वस्तू मात्र तो चाटतो, म्हणजे पोटात घेतो. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला जिवावर बेतू शकतात. शिवाय त्याचे अंग आपल्याला कायमच तापलेले लागणार. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचे नेहमीचे तापमान आहे.

पिल्लू खायचे थांबले, उलट्या करू लागले आणि शौचातून रक्त पडले, तर समिती मीठ-मिरची उतरवून टाकते. नजर उतरते, पार्व्हो उतरत नाही. तो विषाणू पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी. जंताचे औषध वजनाप्रमाणे द्यावे. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा न चुकता.

गल्लीतल्या कुत्र्यांचाही विचार व्हावा. २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी व लसीकरण करून, कानावर खूण करून कुत्रा होता त्याच वस्तीत सोडायचा असतो. खुणेचा कान म्हणजे काम झालेले आहे. त्याला दगड मारून काही मिळत नाही, मिळाला तर चावा मिळतो.

६. चावल्यास

येथे विनोद संपला. आबा जखमेत तिखट भरायला सांगतील, कुणी चुना, कुणी हळद, कुणी सात विहिरींत डोकावून यायला सांगेल. त्यांना मानाने खुर्ची द्यावी आणि आपण नळाखाली जावे. जखम साबणाने वाहत्या पाण्यात पूर्ण १५ मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. मग लगेच सरकारी रुग्णालय. तिथे लस मोफत मिळते. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते, ते मागून घ्यावे. चावणारे आपलेच लाडके पिल्लू असले, नुसता दात लागला असला, तरी डॉक्टरांना दाखवावे.

पाश्चरने १८८५ साली पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला लस टोचून वाचवले. तेव्हापासून रेबीज टाळता येतो. पण लक्षणे दिसू लागल्यावर तो बरा करणारे औषध आजही नाही. तेव्हा बाकी पाच कलमे विसरलात तरी चालेल, हे सहावे समितीच्या प्रत्येक सभासदाकडून पाठ करून घ्या. सुरुवात आबांपासून करा.