चिंचोक्यांचा कौल
गावाची शाश्वतता कशावर मोजायची हे गावानेच ठरवावे, या उदात्त हेतूने सहभागी ग्रामीण समीक्षा ही पद्धत 1980च्या दशकाअखेरीस रुजू लागली. रॉबर्ट चेंबर्स हे तिचे सर्वांत परिचित भाष्यकार. पारासमोर रांगोळीने नकाशा काढला जातो. पुरुषांच्या नकाशात देऊळ, रस्ता आणि सरपंचांचे घर ठळक. बायकांच्या नकाशात हातपंप, रेशनचे दुकान आणि दारूचा गुत्ता. दोन्ही नकाशे एकाच गावाचे आहेत, हे सुलभकाने सांगितल्यावर पटते. मग मत देण्यासाठी चिंचोके येतात; प्रत्येक निर्देशकाची एक चौकट. ज्या चौकटीत ते जास्त, तो निर्देशक महत्त्वाचा. अक्षरओळख नसलेल्यालाही मत देता येते, ही यातली खरी हुशारी. मात्र सावकार समोर बसलेला असेल, तर कर्जाच्या चौकटीकडे हात वळत नाही. अधिकाऱ्याने काठी, म्हणजे सूत्रे, गावकऱ्यांच्या हाती द्यावी, असे चेंबर्स यांचे म्हणणे. ती दिली जाते, फोटो निघेपर्यंत.

अखेर एकमत होते: मे महिन्यात विहिरीला पाणी किती, शाळा सुटलेली मुले किती, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे किती. केंद्राच्या पंचायत विकास निर्देशांकात 2022-23 साठी 435 स्थानिक निर्देशक होते, त्यांतले 331 अनिवार्य. गावाचे तीन त्यांत कुठेतरी सापडतीलच. शोधण्याचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे असते, आणि त्याच्याकडे बहुधा शेजारच्या गावाचाही कार्यभार असतो.