विमान त्यांचं, भाव आमचा

विमान वाहतुकीच्या धंद्यात पैसा आहे की नाही, हे समजून घ्यायला तज्ज्ञ मंडळी जिनिव्हाला जातात. तिथे जगभरच्या विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेचं कार्यालय आहे. एवढा खर्च करायची गरज नाही. पनवेलला उतरावं, शेअर रिक्षा पकडावी, गाढी नदीवरचा पूल ओलांडून विचुंब्यात यावं आणि कुठल्याही इस्टेट एजंटच्या एसी गाळ्यात शिरून म्हणावं, ‘टू बीएचके बघायचाय.’ पुढच्या दहा मिनिटांत विमान वाहतुकीचं सगळं अर्थशास्त्र चहासकट समोर येतं.

गाळ्याच्या काचेवरच्या फ्लेक्समध्ये इमारत आहे, इमारतीला बाल्कनी आहे आणि बाल्कनीच्या डोक्यावरून एक विमान चाललंय. इतक्या खालून, की दोरीवरचे कपडे त्याच्या चाकात अडकावेत. खाली लाल अक्षरांत लिहिलंय : ‘आंतरराष्ट्रीय विमानतळ फक्त १५ मिनिटांवर!’ बाजूच्या गाळ्यात तेच अंतर १० मिनिटांवर आलंय आणि तिथला दरही चौरस फुटामागे तेवढाच चढा आहे. विचुंबं आहे तिथेच आहे, विमानतळही हललेला नाही. तरी मधलं अंतर दर चौकाला कमी होतं आणि दर चढत जातो. एजंटला विचारलं, ‘पंधरा मिनिटं म्हणजे कशाने?’ तो हसून म्हणाला, ‘साहेब, तुम्ही इन्व्हेस्टर आहात की राहायला येताय?’

प्रश्न रास्त आहे. राहायला येणाऱ्याला अंतर लागतं, इन्व्हेस्टरला नुसता आकडा पुरतो.

आता या धंद्याचा इतिहास बघा. मुंबईला दुसरा विमानतळ हवा, असा विचार केंद्रात १९९७ साली सुरू झाला. इकडे गुंठ्याचा भाव वाढला. २००७ मध्ये तत्त्वतः मंजुरी आली, भाव वाढला. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण खात्याने मान डोलावली, पुन्हा वाढला. २०१३ साली सरकारने ‘नैना’ नावाचं विमानतळ प्रभाव क्षेत्र जाहीर केलं आणि त्या प्रभावाखाली विचुंबंही आलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं, २०१९ मध्ये विमान उडणार असं सांगितलं गेलं, आणि एजंटांनी दुसरा गाळा घेतला. विमान उडायला २५ डिसेंबर २०२५ उजाडला. म्हणजे एकही विमान न उडवता, एकही पायलट न ठेवता, थेंबभर इंधन न जाळता विचुंब्याने पाव शतकाहून जास्त काळ विमानाचा धंदा केला, आणि नफ्यात केला.

याच काळात ज्यांनी खरी विमानं उडवली त्यांचं काय झालं? किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एयरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये मान टाकली. आमच्या चौकातला एकही एजंट अजून दिवाळखोरीत गेलेला नाही. यावरून निष्कर्ष एकच : विमानाच्या धंद्यात टिकायचं असेल तर विमान सोडून बाकी सगळं विकावं.

हे आम्ही विनोदाने म्हणत नाही. आयाटानेच २०२५ सालासाठी जो अंदाज मांडला, त्यात जगातल्या विमान कंपन्यांना दर प्रवाशामागे निव्वळ नफा सुटणार होता ७ डॉलर २० सेंट. म्हणजे त्या वेळच्या भावाने सहाशे-सव्वासहाशे रुपये. एवढ्यासाठी विमान डॉलरच्या भाड्यावर आणायचं, पायलट सांभाळायचे, पक्षी चुकवायचे, पावसात घिरट्या घालायच्या आणि तिसऱ्या रांगेतल्या काकांना ‘पट्टा बांधा’ म्हणून चार वेळा सांगायचं. इंधनावर राज्य सरकारचा व्हॅट वेगळा. तो मुंबई, पुणे आणि आपल्या रायगडात पूर्वी २५ टक्के होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आला. रायगडात तेव्हा उडणारं विमान एकही नव्हतं, पण सवलत आधी येऊन बसली होती. आमच्याकडे फ्लॅट बुक करणारे असेच आधी येऊन बसतात.

आणि नवी मुंबई विमानतळावर सुरुवातीला प्रवाशाकडून घ्यायचं ‘युजर डेव्हलपमेंट फी’ ठरलं ते किती? देशांतर्गत विमानाने जाणाऱ्याला ६२० रुपये. येणाऱ्याला २७०. म्हणजे विमान कंपनीला माणूस आकाशातून सुखरूप नेऊन जेवढे सुटतात, साधारण तेवढेच विमानतळाला माणूस दारातून आत आला म्हणून मिळतात. (हिशेब तंतोतंत सारखा नाही, हे मान्य. एक नफा आहे, दुसरी वसुली. पहिल्या टप्प्याला १९,६५० कोटी लागले, ते काही विमानतळ कंपनी चहा विकून काढणार नाही. अर्थात तिथल्या चहाचा दर बघता काढेलही.)

विमान कंपन्यांनी मग दुसरा मार्ग शोधला. एकाच रांगेतल्या तीन खुर्च्यांना तीन भाव. काल बघितलं तेव्हा चार हजार, आज बघितलं तर साडेपाच, आणि घरच्यांना विचारून पुन्हा बघितलं तर सात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तर पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि अपुरे पायलट यांचं गणित फसलं. देशातल्या दर तीन प्रवाशांपैकी जवळपास दोघांना नेणाऱ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि उरलेल्या खुर्च्यांचे भाव विमानाच्याही वर गेले. शेवटी सरकारला पट्टी लावावी लागली : ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजार किलोमीटरपर्यंत बारा हजार, त्याच्यापुढे पंधरा आणि अठरा. बाजार मोकळा आहे असं सांगणाऱ्यांनी आणि बाजारावर लगाम हवा म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्यात एकाच रांगेत उभं राहून एकच बॅग शोधली.

या प्रकरणातून कोणी शिकलं असेल तर आमच्या सोसायटीचे खजिनदार. त्यांनी त्याच महिन्यात टँकरच्या पाण्याला ‘डायनॅमिक’ दर लावला. व्हॉट्सॲपवर परिपत्रक आलं, ते असं :

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, टँकरची मूळ वर्गणी ४९ रुपये फक्त. त्यावर खालील आकार लागू : नळ निवडण्याचा आकार ३० रुपये (मधला नळ मोफत). आधी भरण्याचा आकार ५० रुपये. दुसऱ्या बादलीचा अतिरिक्त भार प्रति लिटर. ऑनलाइन पैसे भरल्यास सोय आकार १५ रुपये. रोख आणून दिल्यास काउंटर आकार २० रुपये. टँकर न आल्यास पैसे परत मिळणार नाहीत, मात्र पुढच्या टँकरसाठी क्रेडिट शेल देण्यात येईल. रिकामी बादली मोफत नेता येईल.’

सभासद भडकले. खजिनदार शांतपणे म्हणाले, ‘अहो, विमानात हेच सगळं हसत भरता ना?’ त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. खरंच आहे. तिकीट आपण आपल्या फोनवर, आपल्या डेटावर, आपल्या वेळात काढतो. आपलं नाव, मोबाइल नंबर आपणच टाइप करतो. कंपनीचा कारकून वाचला, कागद वाचला, खिडकी वाचली. मग सोय कुणाची झाली? तरी ‘सोय शुल्क’ आपल्याच नावावर पडतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र मधला नळ घेतला, कारण तो मोफत होता, आणि घरातल्या चौघांना चार वेगळ्या रांगांत उभं केलं. त्यांना विमानप्रवासाचा अनुभव आहे.

आता डिजिटल भविष्याकडे येऊ. हा विमानतळ नुसता विमानतळ नाही, संपूर्ण डिजिटल विमानतळ आहे, असं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटनाच्या वेळी सांगण्यात आलं. गाडी लावायची जागा आधी बुक करायची, बॅग ऑनलाइन सोपवायची, कागद कुठेच नाही. ‘डिजियात्रा’ तर देशात डिसेंबर २०२२ पासूनच आहे : चेहरा दाखवा, दार उघडतं.

प्रत्यक्ष उड्डाणं सुरू झाली त्या दिवशी या डिजिटल वास्तूत प्रवाशांच्या मोबाइलला रेंज नव्हती. नेटवर्क कुणी बसवायचं आणि त्याचं भाडं किती, यावरून मोबाइल कंपन्या आणि विमानतळ कंपनी यांच्यात जुंपली होती. तोवर मोफत वायफाय वापरा, असं सांगण्यात आलं. मुंबईकर प्रवासी हवालदिल झाले. विचुंबेकराला मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं असणार. फोन डोक्यावर धरून खिडकीशी उभं राहण्याचा सराव त्याला पहिल्यापासून आहे.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्राचं आम्हाला कौतुकच आहे. फक्त हे यंत्र जरा इकडेतिकडे फिरवलं असतं तर बरं झालं असतं. ज्या दहा गावांना उठवून हा विमानतळ झाला, त्यातल्या माणसांचे चेहरे ओळखायला कार्यालयांना वर्षानुवर्षं लागली. दर वेळी नवीन साहेब, नवीन फाइल, पुन्हा झेरॉक्स. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं सूत्र आलं. विमानतळाच्या गावांना साडेबावीस टक्के मिळाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील; विधिमंडळाने त्यांचं नाव विमानतळाला देण्याचा ठराव २०२२ मध्ये केला, पण उद्घाटन झालं तेव्हा पाटीवर ते नव्हतं. सगळं डिजिटल आहे म्हटल्यावर पाटी बदलायला कितीसा वेळ लागतो?

नैनाच्या नगररचना योजनांमध्ये हिशेब आणखी सुटसुटीत आहे : शेतकऱ्याने जमीन आणायची, त्यातली ४० टक्के त्याला परत, ६० टक्के रस्ते, बागा आणि इतर कामांसाठी. रस्ते झाल्यावर उरलेल्या चाळीसचा भाव वाढेल, असं समजावतात. आमच्या गल्लीत मासळी घेऊन येणाऱ्या आजींना मी हे सगळं समजावून सांगितलं. बोंबील मोजता मोजता त्या म्हणाल्या, ‘दादूस, इमान आयलं, पन नळाला पानी कवा येल?’ मी म्हटलं, ‘आजी, तो दुसऱ्या फेजमध्ये आहे.’ त्यांनी एक बोंबील कमी टाकला.

प्रवासाचंही असंच. विमानतळाला सर्वांत जवळची लोकल तरघरला थांबते. पनवेलहून तिथे जायचं तर आधी बेलापूरला जायचं, गाडी बदलायची आणि उरणच्या मार्गाने मागे यायचं. कोकणात गावी जाणाऱ्या आमच्या मंडळींना वाटलं होतं, पळस्प्यापासून सुरू होणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्याच्या तावडीतून विमान सोडवेल. त्यासाठी चिपीला विमानतळ झालाही, ऑक्टोबर २०२१ मध्ये. ‘उडान’ योजनेतलं अनुदान तीन वर्षांचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनुदान थांबलं आणि मुंबईचं विमानही. गणपतीला लोक पुन्हा पळस्प्याच्या नाक्यावर उभे.

तरी निराश व्हायचं कारण नाही. आमचा एजंट म्हणतो, आता तिसऱ्या विमानतळाची चर्चा आहे, वाढवणला. तिकडे जागा बघून ठेवा.

वाचकांना एवढीच विनंती : बुकिंगचं टोकन देण्याआधी एकदा शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता विचुंब्यातून रिक्षा करा, विमानतळाच्या दारापर्यंत जा आणि पंधरा मिनिटं स्वतः मोजा. रिक्षाचं परतीचं भाडं आधीच ठरवून घ्या, तिकडून येताना ते डायनॅमिक असतं.