सिरॅक्यूजचं सोवळं

इबोलाची लागण झाली की लक्षणं दिसायला फार तर २१ दिवस. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाने मात्र स्वतःचं पंचांग काढलं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे छायाचित्रकार मिशेल डू सील इबोलाची साथ असलेल्या लायबेरियाहून परतून २१ दिवस झालेले, ताप नाही, कणकण नाही. तरी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने त्यांना दिलेलं कार्यशाळेचं आमंत्रण मागे घेतलं. विद्यार्थी धास्तावलेत म्हणे! लक्षणं नसलेल्या माणसाकडून इबोला पसरत नाही, एवढी खातरजमा एका फोनवर झाली असती. आणि बातमीची खातरजमा शिकवायलाच तर हा विभाग उघडलाय ना? नुसतं सोवळंच पाळायचं, तर फी कशाची घेता? डू सील पुन्हा लायबेरियाला गेले. डिसेंबरात तिथेच वारले, हृदयविकाराने.