पाऊस फोटोत येत नाही

पावसाळ्यात घाटमाथ्यावर जमलेल्या गर्दीत फोटोग्राफर शोधावा लागत नाही. सगळे दरीत डोकावत असतात तेव्हा तो मान वर करून आभाळ न्याहाळत असतो. ऊन पडलं की मंडळी खुलतात, याचा चेहरा उतरतो. ढग दाटले की मंडळी टपरीच्या आडोशाला पळतात आणि हा लेन्सचं झाकण काढतो. टपरीवाला त्याला चांगला ओळखून असतो. याने मागवलेला चहा नेहमी निवतो, आणि निवलेल्या चहावर माणूस दुसरा कप मागत नाही.

उन्हाबद्दलची त्याची अढी उगाच नाही. दुपारचं ऊन फार स्पष्टवक्तं. ते माणसाच्या डोळ्यांखाली काळं फासतं, पांढऱ्या सदऱ्याचा नुसता लखलखाट करतं, आणि कासच्या पठारावरची सीतेची आसवं तर त्याच्यासमोर आपला जांभळा रंगच गिळून बसतात. ढगाआडून गाळून आलेला उजेड चहूकडून सारखा येतो, सावल्यांना धार राहत नाही, आणि मग तीच फुलं आपणहून बोलू लागतात. या उजेडाची किंमत सिनेमाचे कॅमेरामन सुब्रत मित्र यांना नेमकी ठाऊक होती. ‘अपराजितो’ (1956) या चित्रपटाच्या वेळी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलं, तेव्हा त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर मारून परतलेल्या उजेडात चित्रण केलं. जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर फुकट लटकणारं आभाळ त्यांना असं कापडाचं टांगावं लागलं. आपण मात्र फोटोचा बेत ठरवून निघतो आणि ढग दिसले की गाडी वळवायची भाषा करतो.

खरी पंचाईत पावसाची. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, सोबत्याला छत्री धरायला लावून, स्वतः नखशिखान्त भिजून आपण फोटो काढतो आणि घरी येऊन पाहतो तर त्यात पाऊसच नाही! रस्ता ओला, झाडं ओली, माणसं भिजलेली. पडणारा पाऊस तेवढा गायब. थेंब पारदर्शक, त्याला दिसायची हौस नाही. त्याच्या पाठीमागून उजेड यावा लागतो आणि मागे काळपट झाडी किंवा कडा असावा लागतो. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास ठेवलं तर धारांच्या रेघा उमटतात. हजारावर नेलं तर थेंब जागच्या जागी थिजतात आणि लेन्स पुसायची राहिली असं वाटतं.

ब्रायन ब्रेक या न्यूझीलंडच्या फोटोग्राफरने 1960 मध्ये आपल्या पावसाळ्यावर एक मोठी चित्रमालिका केली. त्यातला सर्वांत गाजलेला फोटो म्हणजे डोळे मिटून पहिला पाऊस तोंडावर झेलणारी मुलगी. ती मुलगी म्हणजे पुढे अभिनेत्री आणि दिग्दर्शक म्हणून नावाजलेल्या अपर्णा सेन, वय तेव्हा 14. जागा कलकत्त्यातली एक गच्ची, आणि पाऊस? तो झारीतला. मला यात फसवणूक दिसत नाही. खरा पाऊस आला असता तर बहुधा दिसला नसता.

धुक्याची तऱ्हा आणखी वेगळी. कॅमेऱ्यातल्या मीटरची पक्की समजूत अशी, की जग सरासरीने करडं आहे. शुभ्र धुकं समोर आलं तरी तो ते करडं करूनच देतो. सरकारी कचेरीतल्या भिंतींचा रंग असाच कुणीतरी ठरवला असावा. मग आपणच उजेड एखादा स्टॉप वाढवून त्याची समजूत घालायची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मात्र हेच धुकं कधी कधी उदार होतं. खाली दरीत ते दाटलेलं असावं आणि पाठीमागून ऊन फुटावं, की आपली सावली त्या धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. मौज अशी, की शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मित्रांपैकी प्रत्येकाला ते कडं फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. दोघेही खरंच बोलत असतात आणि दोघेही भांडतात. फोटोत ते कॅमेरा ज्याच्या हातात, त्याच्याच वाट्याला येतं.

आमच्या घरच्या अल्बममध्ये महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरचा एक फोटो आहे. साडीवर बाबांचा स्वेटर चढवून आई उभी आहे आणि तिच्या मागे काहीही नाही, कोरी पांढरी जागा. उलट बाजूला बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय: ‘सौ. आर्थर सीट येथे. मागे सावित्रीचे खोरे, खाली कोकण.’ छत्तीस फोटोंचा रोल दिवाळीपर्यंत पुरवणारा हा माणूस. त्याने एक अख्खी फ्रेम न दिसणाऱ्या कोकणावर खर्च केली, कारण गाइडने मागे खोरं आहे असं सांगितलं होतं आणि आलेल्या पाहुण्यासारखी त्याची नोंद व्हायला हवी होती. पुढे एका निरभ्र दिवशी मी ते खोरं पाहिलं. आहे, सुंदर आहे. पण आईचा तसा चेहरा दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही. डोळे पूर्ण उघडे, कपाळ निवांत, ओठांवर थंडीचं हसू. स्वच्छ उन्हातल्या तिच्या बाकीच्या फोटोंत डोळे मिचमिचे आहेत आणि कपाळावर आठ्या. त्या आठ्या उन्हाच्या की समोर कॅमेरा घेऊन ‘जरा हस की’ म्हणणाऱ्या बाबांच्या, हे आम्ही आजवर ठरवलेलं नाही.

तेव्हा पॉइंटवर पोचल्यावर धुकं लागलं तर लगेच परत फिरू नका. आपल्या माणसाला कठड्यापासून दोन पावलं अलीकडे उभं करा, मीटर म्हणेल त्याहून एक स्टॉप जास्त ठेवा, आणि मागे काय होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. चहा आधी पिऊन घ्या.