बूनडॉगल आणि खडी

मांजरसुंब्याच्या चौफुलीवर सोलापूर-धुळे महामार्गाला पाटोद्याकडून केजला जाणारा रस्ता येऊन मिळतो. इथल्या हॉटेलांत चहाला पैसे पडतात, सरकारी उधळपट्टीवर बोलायला पडत नाहीत. त्यामुळे चहा एक आणि बोलणं तासभर.

परवा पुण्याच्या भाच्याने अमेरिकन शब्द काढला, ‘बूनडॉगल’. म्हणजे सरकारी पैशाने केलेलं बिनकामाचं काम. मूळ वस्तू बिचारी निरुपद्रवी. स्काउटची पोरं चामड्याच्या पट्ट्यांचा गोफ विणून गळ्यात घालत, तो बूनडॉगल. हे नाव रोचेस्टरच्या रॉबर्ट लिंक यांनी दिलं म्हणतात. पुढे महामंदी आली. एप्रिल 1935मध्ये न्यूयॉर्कच्या एका चौकशीत निघालं, की बेकारांच्या मदतनिधीतून असल्या कलाकुसरीचेही वर्ग चालतात. न्यूयॉर्क टाइम्सने मथळ्यात तीस लाखांवर डॉलरचा आकडा छापला आणि गोफ कायमचा बदनाम झाला.

तात्या चहा फुंकत ऐकत होते. म्हणाले, “गोफ इणायचे पैसे देत्यात? आमी पोळ्याला बैलाचे गोंडे जन्मभर फुकट केले की!”

“पण तात्या, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडली, तेही बूनडॉगलच. काय झालं त्या खडीचं?”

“काय व्हायचंय? तिच्यावरून तुझी आई एस्टीनं बीडला कॉलेजात गेली.”

भाच्याने भज्यांची प्लेट जवळ ओढली.

दुष्काळातल्या त्या कामांच्या पाठोपाठ 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. या हमीसाठीच नोकरदारांवर व्यवसाय कर बसला होता. भाच्याच्या पगारातून तो दरमहा 200 रुपये कापला जातो, फेब्रुवारीत 300. सगळ्यांत छोट्या महिन्यात सगळ्यांत मोठी कात्री का, हे कोडं त्याला अजून सुटलेलं नाही. तात्यांच्या हातोड्याकडे तो संशयाने बघतो ते त्यामुळेच असावं.

मस्टरवर मेलेली माणसंही कधी कधी वेळेवर हजर असत, हे मान्य. त्यांची मजुरी मात्र जिवंत माणसांनी खाल्ली, आणि त्यांच्या हाताला एकही फोड आला नाही. तेव्हा हिशेब जरूर मागा. फक्त तो मस्टर लिहिणाऱ्याकडे मागा. खडी फोडणाऱ्याने त्याचा हिशेब रस्त्यावर कधीच पसरून ठेवला आहे.