साहेब, भरती झकास झाली!

मा. चेअरमन साहेब,


पत्रास कारण की, गेल्या हंगामाच्या तोंडावर आपण साखर कारखान्यात जी नोकरभरती उरकलीत, तिच्याबद्दल एक सभासद म्हणून आपलं जाहीर अभिनंदन करायचं राहूनच गेलं. एकाही संचालकाला नाराज न करता एवढी पोरं चिकटवायची म्हणजे खायचं काम नाही. कुणाचा मेहुणा, कुणाचा साडू, कुणाचा निवडणुकीत बूथ सांभाळणारा कार्यकर्ता. जाहिरात नको, परीक्षा नको, की मुलाखत नको. १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्यांनी चेअरमनच्या खुर्चीत धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ बसवला होता. खुर्चीसाठी माणूस शोधायची ही जुनाट पद्धत आपण मोडीत काढलीत. आपल्याकडे माणूस आधी येतो, खुर्ची मागाहून आणतात. काट्यावर पूर्वी एक जण वजन बघायचा. आता एक जण वजन बघतो आणि तिघं त्याला बघतात.

इथवर आम्ही गप्पच होतो. रिकामा बसलेला माणूस पगार खातो, साखर खात नाही. पण एका संचालकाच्या भाच्याला आपण थेट पॅनवर नेऊन बसवलंत.

पॅन आपण पाहिला नसेल. वरच्या मजल्यावर असतो, जिना चढावा लागतो. उसाच्या रसाचा पाक तिथे निर्वातात उकळतात आणि साखरेचा दाणा धरतात. आपला जुना पॅनमन काचेच्या पट्टीवर नमुना घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा, पाक अंगठा-बोटात ओढून तार बघायचा. चांगल्या दाण्यांमध्ये बारीक चुरा दिसला की लगेच पाणी सोडून तो विरघळवायचा. तिथे हयगय झाली तर तो चुरा पुढे सेंट्रिफ्युगलच्या जाळीतून निसटतो आणि मळीत जातो. भाचेबुवांनीही पट्टी उजेडात धरली. फोटो छान आला, स्टेटसला होता.

जुन्या पॅनमनने चीफ केमिस्टला सांगितलं, चीफ केमिस्टने एमडींना, एमडींनी आपल्याला. आपण म्हणालात, "पोरगं आपलंच आहे, जरा सांभाळून घ्या." झालं. पॅनमनने तक्रार करणं सोडलं आणि हंगाम संपायच्या आत कारखानाही. शेजारचा खासगी कारखाना टपूनच होता. तिथे म्हणे चेअरमनला 'नाही' म्हणता येतं.

भाच्यावर माझा राग नाही. न येणारं काम गळ्यात मारलं, तो बिचारा काय करणार? मला धास्ती आहे ती मागे राहिलेल्या जाणत्यांची. ज्यांना सगळं कळतं, त्यांनाच आता काही दिसेनासं झालंय. शिफ्ट केमिस्ट रजिस्टरात कालचाच आकडा उतरवतो. स्लिप बॉय बांधावर न जाताच उसाची नोंद करतो. रात्रपाळीला जाब विचारावा, तर "साहेबांना चालतंय, मग मला काय त्रास?" म्हणत तंबाखू मळतात. हे यांना कुणी शिकवलं, हे मी जाहीर पत्रात कशाला लिहू?

आता थोडा हिशेब. समजा पाच लाख टन गाळप झालं आणि साखर उतारा फक्त ०.२ टक्क्याने घसरला. एक हजार टन साखर गेली, म्हणजे दहा हजार क्विंटल. २०१९ साली ठरलेला क्विंटलला ३१०० रुपये हा किमान विक्री दर धरला, तरी तीन कोटी दहा लाख. एवढ्यात भाच्याला घरबसल्या जन्मभर पगार देऊन वर चारचाकीही घेता आली असती. कायद्याने उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याजासकट. आम्ही बिलाची वाट बघत असताना सोसायटीचा सचिव कर्जवसुलीला घरी येऊन चहा पिऊन जातो. त्यालाही आम्ही म्हणतो, जरा सांभाळून घ्या. तो घेत नाही.

सप्टेंबरात सर्वसाधारण सभा आहे. पुढच्या रांगेत "मंजूर, मंजूर" ओरडायला गेल्या वर्षीचीच नवी भरती बसेल, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांना तेवढं काम नीट जमतं. माझे प्रश्न दोनच. पॅनवर आता कोण आहे? आणि त्याला तिथे कुणी, काय बघून घेतलं? उत्तर लेखी द्यावं. प्रश्न विचारायला उठलं की सभेतला माइक बंद पडतो, असा अनुभव आहे, आणि दुरुस्तीला आपलाच नवा इलेक्ट्रिशियन येणार.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद